अठरा तास म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायलाच. :)

विषय आहे लॅपटॉप. "हलका हवा, ऑफिसच्या कामाचा हवा, बॅटरी दिवसभर टिकायला हवी" ही फर्माईश आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी येते. या वेळी मामेबहिणीची आली. ती टॅक्सचं काम करते, डोंबिवलीहून फोर्टपर्यंत क्लायंटकडे जा-ये करते, आणि लाखाच्या वरचे पैसे स्वतःच्या खिशातून घालणार आहे. दहा मिनिटांत लिंका पडल्या. कोणी अठरा तासवाला सुचवला, कोणी बावीस तासवाला, कोणी "वजन ९९९ ग्रॅम!!" असं उद्गारचिन्हांसकट. ज्याचे तास जास्त आणि ग्रॅम कमी तो उत्तम, असा निकालही लागला.

मला हा निकाल मान्य नाही. कुठला लॅपटॉप निवडला हा मुद्दा दुय्यम आहे, माझा आक्षेप निवडण्याच्या रीतीवर आहे. तास आणि ग्रॅम हे दोन्ही आकडे विकणाऱ्याने पहिल्या दिवसासाठी निवडलेले आहेत. आपण लॅपटॉप विकत घेतो तो मात्र पाच-सहा वर्षांसाठी. त्याची परीक्षा चौथ्या वर्षी काय होईल यावर घ्यायला हवी, आणि ती परीक्षा कोणी घेतच नाही. परीक्षण लिहिणाऱ्यांकडे यंत्र आठवडा-दोन आठवडे असतं. त्यांना दोष तरी काय देणार?

आधी तासांचं बघू. बॅटरीत किती वीज मावते ते वॉट-अवरमध्ये मोजतात. लॅपटॉप किती वॉट खातो त्याने भागलं की तास निघतात, चौथीतला भागाकार आहे. अॅपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-वन चिपचा मॅकबुक एअर आणला तेव्हा अठरा तास सांगितले होते. त्याची बॅटरी ४९.९ वॉट-अवरची. म्हणजे यंत्र सरासरी पावणेतीन वॉटच खात होतं. हे कधी शक्य आहे? पडद्याचा उजेड ठराविक पायरीवर आणून नुसता सिनेमा बघत बसलात तर. अॅपलने तसं लिहिलंही होतं, खाली, बारीक अक्षरांत. त्याच यंत्राचे वेब बघतानाचे तास पंधरा, हेही तिथेच होतं. पण लक्षात राहिले अठरा.

आता आपलं काम घ्या. ब्राउझरमध्ये वीस टॅब, एक्सेलची जाडजूड फाइल, पडदा पूर्ण उजळ (कारण खिडकीशेजारी बसलोय), आणि त्यावर कॅमेरा चालू ठेवून तासभराची मीटिंग. समजा लॅपटॉप सरासरी १२ वॉट खातोय. ५७ वॉट-अवरच्या बॅटरीला त्यात पावणेपाच तास मिळतात. पाच वॉटवर आणलंत तर अकरा तासांच्या वर. यंत्र तेच, बॅटरी तीच. म्हणून तास हा लॅपटॉपचा गुण नाहीच, तो तुमच्या कामाचा गुण आहे. लॅपटॉपचा गुण वॉट-अवर. दुकानदाराला तो विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

एक किलोच्या आतल्या लॅपटॉपांची आणखी एक गंमत आहे. २०१९ साली एचपीने एलिट ड्रॅगनफ्लाय आणला. वजन एक किलोच्या आत, बॅटरी चोवीस तासांच्या वर. दोन्ही दावे खरे होते, फक्त एकाच यंत्राचे नव्हते. हलका तो ३८ वॉट-अवरवाला. जास्त तासांचा तो ५६ वॉट-अवरवाला, आणि ती मोठी बॅटरी घातली की वजन किलोच्या पुढे जायचं. जाहिरातीत मात्र दोघं शेजारी शेजारी बसलेले. लग्नाच्या स्थळाचा पगार एका भावाचा आणि उंची दुसऱ्याची सांगावी, तसा प्रकार.

मी वजनाला हसतोय असं मात्र समजू नका. वजनाची किंमत आमच्या इतकी कोणाला कळणार? माजिवडा नाक्यावरून स्टेशनला जायचं म्हणजे बसमध्ये उभं राहून किंवा शेअर रिक्षात सॅक मांडीवर घेऊन. मग ठाण्याहून लोकल. गर्दीत सॅक पाठीवर ठेवली की मागचा ओरडतो, म्हणून ती पोटावर येते. दोन्ही हात वर दांडीला, आणि पुढे दोन-अडीच किलो लटकलेले. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारातले प्रवासी खाली पडले, चार जण त्याच दिवशी गेले. पाठीवरच्या सॅका एकमेकींना घासल्या असतील, असं तेव्हा रेल्वेकडून सांगण्यात आलं. पुढे रुळांच्या देखभालीवरून रेल्वेच्याच अभियंत्यांवर गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवेल. पण कल्याण-डोंबिवली-ठाण्याच्या माणसाला पाठीवरचा अर्धा किलो म्हणजे चैनीची बाब वाटत नाही, एवढं खरं.

म्हणूनच वजन मोजायचं तर चार्जरसकट मोजा. ऑफिसात चार्जर न्यावाच लागत असेल, तर वायरीसकट तो पाव ते तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कोणाच्या हिशेबात? ९९९ मध्ये नक्कीच नाही. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे यूएसबी-सी. मोबाइलचा जरा ताकदीचा चार्जर लॅपटॉपलाही चालत असेल तर एक ओझं कमी. युरोपात हा सामायिक चार्जरचा नियम लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे इथल्या यंत्रांतही तो दिसणारच.

"पण दिवसभराची बॅटरी म्हणजे लाइट गेली तरी चिंता नाही," हेही ग्रुपवर कोणीतरी म्हणालं. १२ ऑक्टोबर २०२० विसरलात वाटतं! सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात गेली. पडघा ते कळवा या चारशे केव्हीच्या वाहिन्यांमध्ये एक दुरुस्तीसाठी बंद होती आणि दुसरी त्यातच गेली. कळवा म्हणजे आमच्यापासून खाडीपलीकडे. लोकल जागच्या जागी उभ्या, आणि आम्ही बहुतेक सगळे घरून काम करत होतो. आमच्या सोसायटीत भरलेल्या बॅटरीचे लॅपटॉप घरोघरी होते, पण वायफायच्या डब्याला बॅटरी कोणाकडेच नव्हती. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मीटिंगा सुरू झाल्या आणि 'दिवसभराच्या' बॅटऱ्या दुपारपर्यंत माना टाकायला लागल्या. त्यातही ज्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांचे होते, त्यांच्या तासाभरातच. अठरा तासांचा दावा त्यांच्याही खोक्यावर कधीतरी छापलेला होताच की.

आणि इथेच माझ्या भांडणाचं मूळ आहे. लिथियम-आयनची बॅटरी झिजते. वापरली तरी झिजते, नुसती ठेवली तरी झिजते. ती सगळ्यात लवकर झिजते दोन कारणांनी. एक म्हणजे उष्णता आणि दुसरं म्हणजे सतत शंभर टक्के भरलेलं राहणं. आता सांगा, ठाण्याचा एप्रिल-मे, पंख्याखालचं टेबल आणि दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप याला दुसरं काय म्हणायचं? तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिची क्षमता बरीच उतरलेली असते. यात कंपनीची लबाडी नाही, हे रसायनशास्त्र आहे. लबाडी पुढे आहे. यंत्राला तीन वर्षांची वॉरंटी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या बॅटरीला एकच वर्ष देतात. म्हणजे सगळ्यात आधी काय मरणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि नेमकी तीच गोष्ट त्यांनी वॉरंटीतून बाहेर ठेवली आहे.

पूर्वी यावर साधा उपाय होता. लॅपटॉप उलटा करायचा, दोन खिट्ट्या सरकवायच्या, जुनी बॅटरी काढून नवी बसवायची. लांबच्या प्रवासाला लोक जास्तीची बॅटरी सॅकेत टाकत. मग जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. १.३६ किलो, पाच तासांचा दावा, आणि बॅटरी आतमध्ये बंद. टाळ्या पाकिटाला पडल्या. बंद बॅटरीवर तेव्हा टीका झाली होती, पण हळूहळू सगळ्यांनीच तो धडा गिरवला. अपवादही होते. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स-२४० पासून (२०१३) एक्स-२७० पर्यंत (२०१७) एक बॅटरी आत आणि एक बाहेर असायची. बाहेरची चालू यंत्रातही बदलता यायची. हे बारा इंची, दीड किलोच्या आसपासचे लॅपटॉप होते. २०१८ च्या टी-४८० नंतर ती सोयही गेली.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं, "पातळ हवं तर बंदच करावं लागतं." हे अर्धंच खरं. खिट्टीने निघणारी बॅटरी जागा खाते, मान्य. पण खिट्टी आणि गोंद यांच्यामध्ये स्क्रू नावाचीही एक वस्तू असते! थिंकपॅड एक्स-वन कार्बन हा अकराशे ग्रॅमच्या आसपासचा लॅपटॉप आहे. त्याचं खालचं झाकण स्क्रूने निघतं, आतली बॅटरीही स्क्रूनेच बसवलेली असते, आणि ती कशी काढायची याचं पुस्तक कंपनी स्वतः फुकट देते. तेव्हा हलकेपणाचा आणि गोंदाचा काही जन्माचा संबंध नाही. गोंद हा निर्णय असतो. आमच्या शेजाऱ्यांच्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, बॅटरी एकटी मिळत नाही, कीबोर्डसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. खर्च ऐकून त्यांनी नवाच घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं सांगणारी ती एकटी नाही.

दुसरं उत्तर, "चार वर्षांनी कोण वापरतंय?" कोण म्हणजे? आपणच वापरतो की! मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, तिथे हे उत्तर चालतं. ते जुने लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर येतात आणि तिथून पुन्हा कोणाच्या तरी घरी जातात. आपल्या घरात तर लॅपटॉपचे जन्मच ठरलेले आहेत. पहिला जन्म कमावत्या माणसाकडे. दुसरा कॉलेजात गेलेल्या भाचीकडे. तिसरा आजोबांकडे, पत्रिका आणि यूट्यूब बघायला. गोंदाने चिकटवलेली बॅटरी दुसऱ्या जन्मातच यंत्राला भिंतीच्या प्लगला बांधून टाकते. भाची ते लायब्ररीत नेऊ शकत नाही, मग तिच्यासाठी हप्त्यावर नवा येतो. 'बिझनेस लॅपटॉप' म्हणजे बिझनेस नक्की कोणाचा, ते इथे कळतं.

कायद्याचं म्हणाल तर युरोपने बॅटऱ्यांबद्दल २०२३ मध्ये नियम केला. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांतली बॅटरी ग्राहकाला बाजारात मिळणाऱ्या साध्या अवजारांनी काढता यायला हवी. फ्रान्समध्ये तर १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचे गुण लिहावे लागले, दहापैकी किती ते. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल निघालं, त्याच वर्षी बॅटरी कचऱ्याचे नियमही आले. चांगलंच आहे. पण ते नियम मेलेली बॅटरी गोळा कशी करायची याचे आहेत. ती यंत्रातून सहज निघेल की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा. दुकानात किमतीच्या पाटीशेजारी 'दुरुस्ती ७/१०' असं दिसायला लागलं, तर निम्म्या जाहिराती आपोआप शहाण्या होतील.

तोवर आपणच विचारायचं. माझे प्रश्न पाचच:

१. ज्या मॉडेलचं वजन सांगताय, त्याच मॉडेलची बॅटरी किती वॉट-अवरची?
२. चार्जरसकट वजन किती? यूएसबी-सीवर चार्ज होतो का?
३. बॅटरी स्क्रूने बसवली आहे की गोंदाने?
४. सुटी अस्सल बॅटरी आज कितीला मिळते, आणि किती वर्षं मिळत राहील?
५. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे का? (असेल तर पहिल्याच दिवशी चालू करा.)

तास यात नाहीत, मुद्दामच. या पाचांची धड उत्तरं देणारा अकराशे ग्रॅमचा लॅपटॉप, उत्तरं न देणाऱ्या नऊशे नव्व्याण्णव ग्रॅमवाल्यापेक्षा मी केव्हाही घेईन. शंभर ग्रॅम म्हणजे पंधरा-वीस पार्ले-जी. तेवढं ओझं मी आनंदाने वाहीन.

ता. क. : घरात विंडोजचा जुना लॅपटॉप असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' लिहून पुढे जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' द्या (अर्थात इंग्रजीत). एक फाइल तयार होते. तिच्यात बॅटरीची मुळातली क्षमता आणि आता उरलेली क्षमता असे दोन आकडे सापडतील. दुसऱ्याला पहिल्याने भागा आणि लॅपटॉपच्या वयासकट मला कळवा. दहा-वीस घरांचे आकडे जमले तरी कुठल्याही खोक्यावर छापलेल्या तासांपेक्षा ते आपल्याला जास्त उपयोगी पडतील.