वाड्याच्या दारावर एक पाटी

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
आणि वारसा संवर्धन समितीचे सन्माननीय सदस्य,



पुण्याच्या पेठांत अजून उभे असलेले काही जुने वाडे असे आहेत, की ज्यांत कोणी पेशवा, पुढारी किंवा पंडित राहिल्याची नोंद नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या एक कुटुंब आणि त्याचे भाडेकरू राहिले, एवढाच त्यांचा इतिहास. अशा वाड्याच्या मालकाला कागदपत्रे दाखवून महापालिकेकडे ऐतिहासिक फलकासाठी अर्ज करता यावा, तशी तरतूद आपण करावी, ही विनंती. थोरांच्या घरांची आठवण शहराने बऱ्यापैकी ठेवली आहे. विश्रामबागवाडा, नानावाडा, केसरीवाडा, गंज पेठेतला महात्मा फुले वाडा यांची नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात, आणि काही नामवंतांच्या घरांवर निळे फलकही लागले आहेत. या निवडीत घराकडे पाहिलेच जात नाही. पाहिले जाते ते त्यात राहून गेलेल्या माणसाकडे. माणूस नामवंत नसला की घर केवळ जुने बांधकाम ठरते, आणि जुन्या बांधकामाच्या नशिबी एकच सरकारी कागद येतो : धोकादायक इमारतीची नोटीस.

वास्तविक शहर कसे वसले आणि कसे जगले, याचा पुरावा नामवंतांच्या स्मारकांपेक्षा या बिननावाच्या घरांत जास्त शिल्लक आहे. स्मारकांची डागडुजी अनेकदा झाली, विश्रामबागवाड्याचा तर दर्शनी भाग १८७९च्या आगीनंतर नव्याने बांधावा लागला. साधा वाडा मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे बदलत गेला, आणि ते बदल वाचता येतात. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर, मागचा चौक आणि परसाचे दार हा क्रम म्हणजे परका माणूस कुठवर यायचा, बाई कुठवर जायची, भंगी कोणत्या बोळातून यायचा, याचा आराखडाच. चौकातला हौद कात्रजच्या नळावर भरत असेल, तर अठराव्या शतकातली शहराची पाणीव्यवस्था त्या घरापर्यंत पोचली होती हे तिथे उभे राहून कळते. सागवानी खांबांच्या खणांवरून मूळ घर किती खणांचे आणि वाढवलेले किती, हे जाणकार सुतार सांगू शकतो. कुठे सुरूच्या खांबांमध्ये विटांची आडभिंत घातलेली दिसते. एका घराच्या चार खोल्या करून चार बिऱ्हाडे ठेवली, तेव्हाची ती भिंत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले आणि मातीच्या भिंती विरघळल्या. जे वाडे उभे राहिले त्यांच्या खालच्या मजल्यावर नंतरचे बांधकाम ओळखू येते. आणि वर गळके छप्पर, त्यावर पत्रा. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. काही रुपये भाड्यात कौले कोण बदलणार? त्या पत्र्यातही शहराचा अर्धशतकाचा अर्थव्यवहार आहे.

यावर पहिला आक्षेप मालकांचाच येईल, आणि तो रास्त आहे. ‘हेरिटेज’ हा शब्द ऐकला की कसब्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. शनिवारवाडा केंद्र संरक्षित स्मारक असल्यामुळे प्राचीन स्मारक कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीनंतर त्याच्या भोवतीच्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीशिवाय करता येत नाही. एका भव्य वाड्याच्या रक्षणासाठी भोवतीच्या साध्या वाड्यांची कोंडी झाली. म्हणून मागणी फलकाची आहे, वारसा सूचीत समावेशाची नव्हे. फलकामुळे पुनर्विकासावर, चटईक्षेत्रावर किंवा भाडेकरूंच्या हक्कांवर काडीचाही परिणाम होणार नाही, हे महापालिकेच्या ठरावातच लिहिलेले हवे. असे करता येते. लंडनमधले निळे फलक मालकाच्या संमतीनेच लागतात आणि इमारतीला कायद्याचे कोणतेही कवच देत नाहीत. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये ज्या घरात राहिले तिथे असा फलक आहे. किंग हेन्रीज रोडवरच्या घरी डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले. तेही फलकाने ओळखले जात होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले.

मग ज्या फलकात संरक्षण नाही तो लावून उपयोग काय, असे कोणी विचारेल. लंडनमध्येच १८६७ साली बायरनच्या जन्मघरावर फलक लागला, १८८९ मध्ये घर पडले आणि त्याबरोबर फलकही गेला. यावरून एवढेच घ्यायचे, की पाटीपेक्षा पाटीमागची फाइल महत्त्वाची. अर्जासोबत मालमत्तापत्रक, सिटी सर्व्हेचा नकाशा, सनद किंवा खरेदीखत असेल तर ते, आणि घराचा मोजणी करून काढलेला आराखडा व छायाचित्रे घ्यावीत. मोडी कागद असल्यास त्याचे लिप्यंतर करून घ्यावे. पेशवे दफ्तर याच शहरात आहे आणि मोडी वाचणारेही आहेत. उद्या वाडा पाडून सहा मजली इमारत झाली तर फलक तिच्या प्रवेशद्वाराशी लागेल आणि नोंद महापालिकेकडे राहील. आज वाडा पडतो तेव्हा तुळया जुन्या बाजारात जातात आणि आराखडा कुठेच जात नाही, कारण तो कधी काढलेलाच नसतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. पेठांतले वाडे कोणाचे होते? बरेचसे ब्राह्मणांचे, सावकारांचे, सरदारांचे. त्यांच्या घराण्यांच्या मोठेपणाला सरकारी शिक्का कशासाठी? फलक वंशावळीला द्यायचा झाला तर या आक्षेपाला उत्तर नाही, आणि मग तो न दिलेलाच बरा. कुलवृत्तांत छापायला कुटुंबे समर्थ आहेत. फलकावरचा मजकूर समितीने लिहावा, कुटुंबाने नव्हे. घर कधी बांधले, कसले बांधले, त्यात कोणकोण राहिले, तिथे कोणते काम चालले, एवढेच त्यात यावे. भाडेकरूंची बिऱ्हाडे, तळमजल्यावरचे दुकान, पाणी भरणारे हेही यावेत. तांबट आळीतले भांडी ठोकण्याचे घर किंवा कुंभारवाड्यातले भट्टीमागचे घर यांना याच निकषावर, वाड्याइतकाच हक्क असावा. भिडे वाड्याचे उदाहरण समोर आहे. महात्मा फुल्यांची मुलींची शाळा १८४८ मध्ये तिथे भरली म्हणून ते घर इतिहासात आले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती मोडकळीला आलेली वास्तू उतरवताना सगळ्या राज्याचे तिकडे लक्ष होते. शाळेची ती नोंद नसती तर ते बुधवार पेठेतले दुकाने थाटलेले एक जुने घरच राहिले असते. घरात काय घडले याची नोंद आधी असावी लागते, महत्त्व नंतर कळते.

अर्जांचा पूर येईल ही भीती मला फारशी वाटत नाही. जुने कागद शोधून, सगळ्या हिस्सेदारांची संमती मिळवून अर्ज करणे हे पुण्यात किती अवघड, हे आपले मालमत्ता कर खाते चांगले जाणते. सुरुवात कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीपुरती करता येईल. अर्जाचा एक पानी नमुना मराठीत असावा, शुल्क नसावे, आणि आराखडे काढण्याचे काम शहरातल्या वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून द्यावे. वाडे उतरवण्याचे परवाने आपल्याच बांधकाम विभागातून जातात. किमान त्या परवान्याआधी मोजणी आराखडा दाखल करण्याची अट आजपासूनच घालावी. त्यासाठी फलकाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कळावे,
पेठांतल्या जुन्या घरांविषयी आस्था असलेला एक नागरिक