रक्त आलं म्हणून ब्रश थांबवायचा?

मागच्या आठवड्यात वर्गात विचारलं, "दात घासताना हिरडीतून रक्त आलं तर काय कराल?" बहुतेक मुलं म्हणाली, "तिथं ब्रश लावायचा नाही, बाई." एक मुलगी म्हणाली, "आमची आज्जी मिसरी लावती, तिचं रक्त थांबलंय." दोन्ही उत्तरं चुकीची, पण चूक मुलांची नाही. दात म्हटलं की आपण चॉकलेट आणि कीड शिकवतो, हिरडी राहूनच जाते.

घासलेल्या दातावर काही तासांतच जिवाणूंचा चिकट थर बसायला लागतो. जिभेला बुळबुळीत लागतो तोच. नुसती चूळ भरून तो निघत नाही. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं आणि त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येणारी जागा टाळायची नसते, तीच हलक्या हातानं नीट घासायची असते.

थर तसाच राहिला तर लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं कीटण बनतं. मग ब्रश चालत नाही, दवाखाना लागतो. हिरडी दातापासून सुटते, फटीत प्राणवायू कमी, आणि तशाच जागी वाढणारे जिवाणू तिथं बस्तान मांडतात. पुढचं मला स्वतःला उशिरा कळलं: हाड झिजतं ते मुख्यतः जिवाणूंशी लढणाऱ्या आपल्याच शरीराच्या दाहामुळे. हे सगळं फारसं न दुखता चालतं. कळतं तेव्हा दात हलत असतो, आणि गेलेलं हाड घासून परत येत नाही.

आता मिसरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूच ती. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे आतून रोग वाढत असतानाही रक्त कमी दिसू शकतं. आज्जीला वाटतं, गुण आला! तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कुठला कायदा येणार?

विट्यात ही गोष्ट जास्त लागू पडते. गलाईच्या धंद्यासाठी आईबाप परमुलखात आणि लेकरू आज्जीजवळ, अशी घरं आपल्याकडं आहेत. दात घासायला तिथं आज्जीच शिकवते.

एक सहकारी म्हणाले, घरातल्या मोठ्यांच्या सवयीत शाळेनं पडू नये. अर्धं पटलं. पोराच्या तोंडून आज्जीला उपदेश नकोच, त्यानं घरात भांडणं होतील. पण पालकसभेला आज्ज्यांनाही बोलवू या. गावातल्या एखाद्या दंतवैद्यांना अर्धा तास मागू या, आणि येताना छोटा आरसा आणायला सांगू या. हिरडी फिकट गुलाबी आहे की लाल, सुजलेली, एवढं तरी ज्याचं त्याला बघता येईल.