नगरची चर्च ‘अमेरिकन’ कशी?

१/ अहमदनगरच्या मिशनच्या चर्चना सरसकट ‘अमेरिकन वास्तू’ म्हणणे हा आळशी इतिहास होय.

२/ अमेरिकेचे विख्यात चर्च-वास्तुविशारद रिचर्ड अपजॉन मूळचे सुतार. न्यूयॉर्कचे ट्रिनिटी चर्च (१८४६) त्यांचेच. १८५२ साली त्यांनी खेड्यांतील चर्चसाठी लाकडी बांधणीचे आराखडे छापले. तो हिशेब लाकडाने संपन्न मुलुखाचा. नगरच्या मातीत मुबलक आहे तो काळा दगड.

३/ अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरात आले. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

४/ मराठी ख्रिस्ती परंपरेत चर्च म्हणजे ‘मंडळी’: आधी माणसे, मग भिंती. पाथरवट, गवंडी आणि ही मंडळी वगळून श्रेय सातासमुद्रापार धाडणे हा निव्वळ कृतघ्नपणा ठरेल.