तेल म्हणजे तेलच ना?

मागच्या रविवारी पोलोग्राउंडला चक्कर झाली. सांवेरजवळच्या आमच्या शेतावरच्या छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक किंचाळायला लागले होते. मागे भरलेली ट्रॉली आणि समोर उतार असला की ते उशिराच लागायचे. ट्रॅक्टर बाबा चालवतात, त्यामुळे घरात सगळ्यांना घोर. चूक माझीच. दिवाळीत गिअरबॉक्समध्ये मीच हाताला लागलं ते गिअर ऑइल ओतलं होतं.

वर्कशॉपमधल्या मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "भिया, ब्रेक सूखे हैं या तेल में?" बीई असून मला सांगता येईना.

बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ब्रेक एकाच टाकीतल्या तेलावर चालतात. गिअरच्या दात्यांना झीज थांबवणारा थर लागतो, लिफ्टच्या पंपाला सहज वाहणारं तेल, तर ब्रेकच्या चकत्यांना पकड टिकवणारी रसायनं. ही तिन्ही कामं करणाऱ्या तेलाला 'यूटीटीओ' म्हणतात. साधं ८०डब्ल्यू-९० मुख्यतः पहिल्याच कामाचं. जीएल-५ प्रकारातली काही तेलं तर पितळी भागांनाही खातात. ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक असेल, तर कंपनीने सांगितलेलंच तेल घालावं.

मॅन्युअल शेवटी बाबांच्या ट्रंकेत सापडलं. जुनं तेल काढलं, फिल्टर बदलला, त्यात लिहिलेलं तेल भरलं. आता उतारावर ब्रेक वेळेवर लागतात.

गावी गेलात की ट्रॅक्टरची डिपस्टिक काढून बघा. तेल दुधाळ दिसलं, तर बहुधा पाणी शिरलंय. आणि डबा घेण्याआधी मॅन्युअल वाचा. मी वाचलं नव्हतं, आणि ब्रेकवर पाय बाबांचा होता.