विद्येचें ऋण

गेल्या महिन्यांत माझ्या पुतण्याची कन्या चार दिवसांच्या सुटींत घरीं आली होती. ती डॉक्टरेटसाठीं संशोधन करीत आहे. रात्रीं पंगतीस बसलों असतां कोणींसें विचारलें, "तुझ्या प्रबंधाचा विषय काय ग?" तिनें सरळ उत्तर दिलें, "स्तनांच्या कर्करोगाचीं क्ष-किरण चित्रें." पंगत क्षणभर स्तब्ध झाली. मग वाढणारीनें भाताची चौकशी करून विषय पालटला.

जेवणें आटोपल्यावर मीं तिला ओटीवर बोलाविलें आणि म्हटलें, "पोरी, या मार्गाचा आरंभ कोणीं केला, तें मला सांग." तिनें सांगितलेली हकीकत सुज्ञ वाचकांपुढें ठेवण्यासारखी आहे.

क्ष-किरणांचा शोध १८९५ सालीं लागला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं बर्लिन येथें आल्बेर्ट सालोमन नांवाच्या तरुण शस्त्रवैद्यानें कर्करोगामुळें कापून काढलेल्या सुमारें ३,००० स्तनांचा अभ्यास केला. आधीं क्ष-किरण चित्र घ्यावयाचें, मग तोच अवयव चिरून तपासावयाचा, आणि चित्रांतील छाया व प्रत्यक्ष रोग यांचा मेळ घालून पाहावयाचा, अशी त्याची रीत होती. चरबींतून किरण सहज पार जातात. गाठ त्यांस अडविते. चुन्याचे कण त्याहूनही अधिक अडवितात. एके जागीं राहिलेली गाठ आणि मुळें पसरीत चाललेली गाठ यांतील भेद चित्रांत ओळखतां येतो, असें त्यानें १९१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत दाखविलें. चुन्याचे सूक्ष्म कणही त्याला दिसले होते. परंतु त्यांचें महत्त्व त्या वेळीं उमगलें नाहीं. पुढच्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, आणि हें काम जिवंत स्त्रियांच्या तपासणीपर्यंत पोहोंचलें नाहीं.

सालोमन ज्यू होता. हिटलरच्या राजवटींत त्याचें विद्यापीठांतील स्थान गेलें. १९३८ सालीं त्याला छळछावणींत डांबण्यांत आलें. तेथून सुटल्यावर त्यानें हॉलंडचा आश्रय घेतला. त्याची एकुलती एक कन्या शार्लोट ही चित्रकार होती. १९४३ सालीं, वयाच्या २६ व्या वर्षीं, ती गरोदर असतांना आउशविट्झ येथें मारली गेली. पिता वांचला, आणि महायुद्धानंतर तिनें मागें ठेवलेलीं शेंकडों चित्रें त्याच्या हातीं आलीं. तीं आज आम्स्टरडॅम येथील संग्रहालयांत आहेत.

त्याच्या विद्येचें काय झालें? ती इतरांनीं वाढविली. अमेरिकेंत स्टॅफर्ड वॉरन यांनीं १९३० सालीं जिवंत स्त्रियांच्या चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उरुग्वेमधील राउल लेबोर्न यांनीं १९५० च्या सुमारास दोन गोष्टी पटवून दिल्या : स्तन दाबून चित्र घेतल्यास तें स्पष्ट येतें, आणि चुन्याचे ते बारीक कण कर्करोगाची खूण असूं शकतात. ह्यूस्टन येथील रॉबर्ट ईगन यांनीं १९६० सालीं १,००० तपासण्यांचा अहवाल मांडला. त्याच दशकांत फ्रान्समध्यें केवळ याच कामासाठीं यंत्र तयार झालें. हाताला लागण्यापूर्वींच गाठ डोळ्यांस दिसूं लागली.

"परंतु आपल्याकडे गांवोगांवीं हें यंत्र कोठून यावें?" मीं विचारलें. तेव्हां तिनें मुंबईचा दाखला दिला. टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी आरंभिली. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांची तपासणी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनीं केवळ हातानें, दर दोन वर्षांनीं अशी चार वेळां केली. २० वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पन्नाशी गांठलेल्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यू शेंकडा सुमारें ३० नें घटले होते. त्याहून लहान वयांत मात्र तसा लाभ आढळला नाहीं.

हें ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलों. माझ्या मातोश्रींनीं अशीच एक गाठ वर्षभर पदराआड लपविली होती. घरांत चार सुना, दोन लेकी; पण हा शब्द उच्चारावयाचा कसा, या संकोचापायीं ती कोणापाशींच बोलली नाहीं. आम्हांस कळलें तेव्हां डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं उरलें नव्हतें. १९८७ सालीं ती गेली. मीं जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें, शब्दांचे अर्थ समजावून सांगितले. आणि माझ्याच घरांत एका शब्दाच्या लज्जेनें माझी आई गेली.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. बऱ्याचशा निरुपद्रवी असतात, असें नात मुद्दाम बजावून सांगते. म्हणून घाबरूं नये. पण लपवूंही नये. सासूबाईंनीं सुनेस, सुनेनें सासूबाईंस, लेकीनें आईस हें मोकळेपणानें विचारावें, आणि शंका येतांच डॉक्टरांकडे जावें. पुरुषांनींही हा विषय निघतांच मान खालीं घालूं नये.

सालोमन १९७६ सालीं वारला. त्यानें तपासलेल्या स्तनांपैकीं एकाही स्त्रीस त्याच्या प्रबंधाचा उपयोग झाला नाहीं. झाला तो पुढें आलेल्या स्त्रियांस. त्यांत आपल्या घरच्या स्त्रियाही असाव्यात, इतकें तरी आपल्या हातीं आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नात निघाली, तेव्हां तिच्या थोरल्या काकूनें तिला स्वयंपाकघरांत बोलावून दार लोटून घेतलें. अर्ध्या तासानें दोघी बाहेर आल्या. काय बोलणें झालें, तें मीं विचारलें नाहीं. पण काकू आतां सोमवारीं तपासणीस जाणार आहेत.