वाटाण्याचे तारण

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला मामांकडे गेलो होतो. मामेभाऊ बारावीला आहे. त्याच्या वह्यांच्या मागच्या पानांवर नुसती चित्रे, आणि तोंडी एकच नाव : जपानचे हायाओ मियाझाकी. मामांचे म्हणणे, "चित्रे काढून पोट भरत नाही. दादासारखा कॉमर्सला जा." माझे उदाहरण दिलेले ऐकून मलाच ओशाळल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी कलाभवनावरून जाताना मी त्याला विचारले, "या संस्थेत कोण शिकले, ठाऊक आहे?" नव्हते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) सर्वांना माहीत. पण एकेक काडी हलवायची, एकेक चित्र टिपायचे, असे करून १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, हे आमच्या कन्नड विभागातील मित्रांनाही ठाऊक नव्हते.

मला स्वतःला मोह पडतो तो त्याआधीच्या वाटाण्याचा. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फाळके १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पुढे भांडवल नाही! तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, महिनाभर त्याची थोडी थोडी छायाचित्रे टिपली, आणि पडद्यावर रोप पाहता पाहता वाढवून दाखवले. ते पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी नाडकर्णी यांनी कर्ज दिले. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच, पण व्यापाऱ्याला पटले ते रोप. आमच्या पाठ्यपुस्तकात तारणाची अशी व्याख्या नाही.

पुढे १९१८ साली भागीदार घेऊन कंपनी निघाली, मतभेद झाले, फाळके काशीला निघून गेले, परत आले. बोलपट आल्यावर मागे पडले ते पडलेच. १९४४ साली नाशिकला वारले. आगकाड्यांचा चित्रपट तर आज उरलेलाच नाही. मियाझाकींनीही २०१३ साली निवृत्ती जाहीर केली होती. पण त्यांची खुर्ची रिकामी ठेवणारे तोशिओ सुझुकींसारखे निर्माते होते, म्हणून ते परतले आणि २०२४ साली पुन्हा ऑस्कर मिळाले. आपल्याकडे कलावंत कमी पडले असे मला वाटत नाही. कमी पडलो ते आम्ही, जमाखर्च शिकलेले. प्राध्यापक मंडळींनी रागावू नये.

मामांना हे सारे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे शेवटी फाळक्यांचे हालच झाले ना?" मला उत्तर सुचले नाही. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. भावाने मात्र गॅलरीतल्या कुंडीत वाटाणे पेरले आहेत, आणि मामींचा मोबाईल रोज सकाळी सात वाजता त्याच्या ताब्यात असतो.