देवळालीचा ताप

इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं की तो ‘डूलाली’ झाला म्हणतात. हे म्हणणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं, की ही नाशिकजवळची आपली देवळाली.

ब्रिटिश अमदानीत तिथे मोठी लष्करी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी तिथे थांबत. या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. हंगाम संपताना पोचलेल्याला उन्हाळा-पावसाळा तिथेच काढावा लागे. हाताला काम नाही. सोबतीला उकाडा, दारू, हिवताप आणि घरची ओढ. काहींचं मन त्यात ढासळलं. शिपायांनी त्या अवस्थेला ‘डूलाली टॅप’ म्हटलं. त्यातला ‘टॅप’ म्हणजे ताप. फ्रँक रिचर्ड्‌स या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींत देवळालीतल्या या दिवसांबद्दल लिहिलं आहे.

गावांच्या नावांवरून आलेले इंग्रजी शब्द मी याच नजरेने वाचतो: नाव कुणी दिलं आणि तो कुठे उभा होता? ‘कॅलिको’ हे कापड कालिकत बंदराच्या, म्हणजे आजच्या कोळिकोडच्या नावाने ओळखलं गेलं. भारतात इतरत्र विणलेल्या सुती कापडालाही तेच नाव चिकटलं. इंग्लंडच्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांना या कापडाची इतकी धास्ती वाटली, की १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरण्यावरच तिथल्या संसदेने बंदी घातली. ती १७७४ पर्यंत टिकली. ‘डंगरी’ या कापडाच्या नावाचा माग मुंबईच्या डोंगरीपर्यंत काढला जातो. शब्दकोशात बंदर आलं, बाजार आला. विणकराचं गाव मात्र आलं नाही. देवळालीचंही तेच. पाहुण्या शिपायाचं दुःख शब्दात उतरलं, गावकऱ्याचं काहीच नाही.

म्हणून असे शब्द ‘इंग्रजीला आपली देणगी’ म्हणून मिरवणं मला पटत नाही. देणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. शाळेत इंग्रजी शिकवताना या शब्दांमागची गावं नकाशावर दाखवावीत, आणि तिथे कोण विणत होतं, कोण विकत होतं, कोण अडकून पडलं होतं, हेही सांगावं. आणि मन आजारी पडलेल्या माणसांची खूण असलेला शब्द कुणाची टर उडवायला वापरू नये. देवळालीच्या नावाला तेवढा मान आपण नक्कीच देऊ शकतो.